बोलणी (भोक) वयास

जमीन आणि शब्द या दोन गोष्टी पिढ्यानपिढ्या सांभाळणाऱ्या घराण्यालाच इतिहास असतो. बाकीच्यांना नुसते नातेवाईक असतात. हे वाक्य ‘निवळवणेकर घराण्याचा कुलवृत्तांत’ या ग्रंथाच्या पहिल्या पानावर आहे. ग्रंथ तेहेतीस वर्षे छापायचा राहिला आहे. हे एक वाक्य मात्र पक्के झालेले आहे, कारण ते वादाच्या आधी लिहिले गेले.

वाद पुढे येईलच. आधी तो मंगळवार.

गेल्या फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी ग्रंथाचे कर्ते विद्याधर निवळवणेकर (वय एक्क्याऐंशी, मुलुंड पूर्व, तिसरा मजला, लिफ्ट नाही) खिडकीशी बसून एक भोक मोजत होते. त्यांची मुलगी क्षमा दर मंगळवारी ऑफिसच्या आधी घाटकोपरहून येऊन त्यांना नाश्ता देत असे. त्या दिवशी उपमा होता आणि त्यावर ओले खोबरे होते. कोणताही इतिहासकार ज्याची नोंद घेणार नाही, असा तो दिवस होता.

“क्षमा, ती बारीक रेघांची पट्टी कुठाय?”

“तुमच्या हातात आहे, बाबा. उपमा गार होतोय.”

“होऊ दे. भोक सात मिलिमीटरचं आहे.”

“गेल्या मंगळवारीपण सातच होतं.”

“हवेत ओलावा असला की कागद फुगतो गं. शास्त्र असतं त्याच्यामागे.” त्यांनी भिंग खाली ठेवले आणि चमचा उचलला. “त्या खावयासवाल्याला सांग, भोक सातच आहे. आणि म्हणावं, मी आहे तोवर भांडून घे. मी गेल्यावर काय भाडोत्री भाऊ आणणारेस?”

“सांगते.”

क्षमा खाली आली आणि सोसायटीच्या गेटापाशी उभी राहून तिने विलेपार्ल्याला राजारामकाकांना फोन लावला. “काका, बाबांनी विचारलंय, पित्त कसं आहे?”

“पित्त?” काका म्हणाले. “त्याचं नाव काढलं की उसळतं म्हणावं.”

“सांगते हं,” असे म्हणून क्षमाने त्या उत्तराचे ‘आता बराच आराम आहे’ असे रूपांतर मनात तयार करून ठेवले. ते पोचवायचे राहून गेले. बुधवारी सकाळी विद्याधर खुर्चीतच गेले. मांडीवर भिंग होते. डॉक्टरांनी वेळ सव्वासहा लिहिली.

आता इतिहास. त्याशिवाय हा निरोप कुणी कुणाला का पाठवला आणि तो मधेच का बदलला, ते कळणार नाही.

निवळवणेकर हे मौजे निवळवणे येथील खोत. म्हणजे गावचा शेतसारा गोळा करून सरकारात भरणारे आणि त्याबद्दल गावाच्या अंगावर ओरडण्याचा हक्क असणारे जमीनदार घराणे. सारा गोळा करण्याचा हक्क कायद्याने गेला. ओरडण्याबद्दल कायद्यात स्पष्ट काही नसल्यामुळे तो घराण्याने आपल्याकडे ठेवला. जमीनही ठेवली. आज सातबाऱ्यावर ती चौदा गुंठे आहे आणि तिला सत्तावन्न मालक आहेत (दोघे हयात नाहीत, एकाचे नाव दोनदा आहे, आणि ‘रेवती भ्र. अज्ञात’, म्हणजे नवऱ्याचे नाव अज्ञात असलेल्या रेवती, या कोण हे अजून समजलेले नाही). चौदापैकी नऊ गुंठे पोटखराबा आहे, म्हणजे सरकारच्या मते तिथे काही पिकणे शक्य नाही. उरलेले पाच गुंठे सत्तावन्न जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे पंचाण्णव चौरस फूट येतात. मुलुंडच्या वन बीएचकेतले स्वयंपाकघर साधारण एवढेच असते. तरीही मुलुंडमधले किती लोक आपल्या स्वयंपाकघरात उभे राहून “आमची तिकडे जमीन आहे” असे म्हणू शकतात, हा प्रश्न विद्याधर विचारत असत.

जमिनीपेक्षा घराण्याला अभिमान होता तो मुत्सद्देगिरीचा. कुलवृत्तांतानुसार घराण्यात राजदूत होऊन गेले आहेत, आणि ते पुढीलप्रमाणे.

पहिले राजदूत विसाजीपंत, अडीचशे वर्षांपूर्वीचे. एका जुन्या पत्रात त्यांचा उल्लेख ‘विसाजीपंत वकील’ असा आहे. त्या काळी वकील म्हणजे एका दरबाराचे म्हणणे दुसऱ्या दरबारात नेणारा माणूस. नाव लक्षात राहिले, हा अर्थ मधल्या काळात हरवला, आणि घराण्याने असा समज करून घेतला की आपण कोर्टातले वकील. त्यामुळे तीन पिढ्यांतल्या सात मुलांना कायद्याला घालण्यात आले. पाच नापास झाले. एक पास होऊन कीर्तनकार झाला. सातवे म्हणजे विद्याधर आणि राजाराम यांचे वडील. ते खरोखरच वकील झाले, पण स्वभाव भिडस्त असल्यामुळे समोरच्या पक्षाचे म्हणणे त्यांना चटकन पटत असे. गल्लीतले लोक केस जिंकायची असेल तर त्यांना विरोधी पक्षाकडे पाठवत.

दुसरे राजदूत नीलाआत्याचे यजमान कुंडलिकराव. हे एका परदेशातल्या आपल्या वकिलातीत टंकलेखक होते. एका गुरुवारी राजदूत दौऱ्यावर, त्यांचे दुय्यम रजेवर आणि तिसरे अधिकारी गालगुंडाने आजारी असा योग जुळून आला, आणि कुंडलिकरावांनी साडेतीन तास भारताचे प्रतिनिधित्व केले. या काळात एक फोन आला. तो रॉंग नंबर होता. त्यांनी तो अत्यंत सौजन्याने हाताळला आणि दोन्ही देशांचे संबंध होते तसेच राहिले. कुलवृत्तांतात या प्रसंगाला अकरा पाने आहेत.

तिसरी राजदूत क्षमा. तिच्यावर एकही पान नाही.

एकोणीसशे ब्याण्णव साली विसाजीपंतांचे ते पत्र वडिलांच्या ट्रंकेत सापडले. पत्र मोडी लिपीतले. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग न थांबता तिच्याखाली अक्षरे टांगत जायची, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, अशी ती लिपी. दोघे भाऊ त्यासाठी मोडी शिकले, एकाच वर्गात, एकाच बाकावर. मग दोघांनी मिळून पत्र वाचले, आणि त्यानंतर दोघांनी मिळून काहीही केले नाही. कारण पत्रात असे होते:

‘विसाजीपंत वकील यांस दरबारी बोलणी (येथे वाळवीने खाल्ले आहे) वयास पाठविले.’

विद्याधरांनी वाचले, ‘बोलणी करावयास पाठविले’. म्हणजे पूर्वज मुत्सद्दी, वाटाघाटी करायला गेलेला.

राजारामांनी वाचले, ‘बोलणी खावयास पाठविले’. म्हणजे मालकाच्या ऐवजी शिव्या खायला गेलेला.

सगळा प्रश्न त्या भोकात एक अक्षर होते की दोन, एवढाच होता. त्या लेखनिकाचे अक्षर सरासरी चार मिलिमीटर रुंद. ‘करा’ला आठ मिलिमीटर लागतात, ‘खा’ला चार. भोक सातचे. म्हणजे भोक विद्याधरांना एकने कमी पडत होते आणि राजारामांना तीनने जास्त होत होते. विद्याधरांचे म्हणणे असे की ओळीच्या शेवटी शेवटी लेखनिक दाटीने लिहितो. राजारामांचे म्हणणे असे की ‘खा’ लिहिताना लेखनिकाला हसू आले आणि हात पसरला.

“तुला आपल्या घराण्यात कुणी मोठा झालेला बघवतच नाही,” विद्याधर म्हणाले.

“तू वाळवीपेक्षा जास्त खोटं वाचतोस,” राजाराम म्हणाले.

ही त्या दोघांमधली शेवटची थेट वाक्ये. बोलण्याच्या राजदूतावरून भावाभावांचे बोलणे बंद व्हावे यात काही गमतीचे आहे, हे घराण्यातल्या कुणाच्याही लक्षात आलेले नाही. पुढे राजारामांचा मुलगा केयूर (हा संगणकातला) याने तिसरा पाठ सुचवला. “यार बाबा, ‘बोलणी टाळावयास’ पण बसतं ना तिथे!” हा पाठ दोन्ही बाजूंनी एकमताने फेटाळण्यात आला. तेहेतीस वर्षांतले ते एकमेव एकमत.

संबंध तुटले, पण नाते होते आणि दोघांनाही एकमेकांना सांगण्यासारखे बरेच होते. भूगोलही प्रतिकूल. विलेपार्ले पश्चिम रेल्वेवर, मुलुंड मध्य रेल्वेवर. एका मार्गावरच्या माणसाला दुसऱ्या मार्गावरचा माणूस परदेशीच वाटतो. तेव्हा मध्यस्थ नेमणे भाग पडले. पहिली नऊ वर्षे हे पद क्षमाच्या आईने, सुनंदाने, सांभाळले. सुनंदा सरळ बाई होती. निरोप मिळेल तसाच्या तसा पोचवायची, स्वल्पविरामासकट. तिच्या कारकिर्दीत संबंध सहा वेळा तोडण्यात आले (तुटलेले संबंध पुन्हा तोडता येतात; त्यासाठी आधी फोन करावा लागतो). दोन हजार एक साली सुनंदा गेली. तिच्या दहाव्याला घाटावर दोघे भाऊ एकाच सतरंजीच्या दोन टोकांना बसले होते. विद्याधरांनी एकोणतीस वर्षांच्या क्षमाकडे बघून म्हटले, “त्याला सांग, चहा घे म्हणावं.” नेमणूक झाली.

क्षमा एका विमा कंपनीच्या तक्रार निवारण कक्षात आहे. ‘तुमचा दावा फेटाळला आहे’ याचे ‘आपल्या परिस्थितीची आम्हाला पूर्ण जाणीव आहे’ असे करण्याचा तिला सरकारमान्य अनुभव आहे. तोच तिने घरी वापरला. ती खोटे बोलत नसे. निरोपातला विषय ती तसाच ठेवी. फक्त त्यातला माणूस बदली.

उदाहरणार्थ, विद्याधर म्हणत, “त्याला म्हणावं चष्मा बदल, आणि त्याने नाही भागलं तर डोकं.” हे पार्ल्याला पोचताना होई, “बाबा म्हणाले, डोळे तपासून घ्या, हयगय करू नका.” राजाराम म्हणत, “मुलुंडची हवा त्याच्या डोक्यात गेलीय.” हे मुलुंडला पोचताना होई, “काका विचारत होते, तिकडे हवा कशी आहे, फिरायला जाता का?” एका दिवाळीत विद्याधरांनी कळवले की तुझ्या चकल्या टाकून न्हावाशेवाची खाडी बुजवता येईल. राजारामांना कळले की चकल्या पुष्कळ दिवस पुरल्या.

घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोघे भाऊ होते. राजाराम रोज सकाळी फूल पाठवत. विद्याधर बरोबर चौदा मिनिटांनी, ग्रुपमधल्या इतर सर्वांना उद्देशून, दुसरे फूल पाठवत.

क्षमाच्या धोरणाला उत्तम यश आले. समोरचा नरमलाय, असे प्रत्येकाला वाटू लागले, आणि समोरचा नरमला असल्यामुळे आपण नरमण्याची गरज कुणालाच उरली नाही. संबंध इतके छान झाले की भेटण्याचे काही कारणच राहिले नाही. चोवीस वर्षे शांतता नांदली. अशा शांततेबद्दल मोठ्या देशांत पदके देतात. क्षमाला दर मंगळवारी अर्धा तास उशिराचा शेरा मिळे.

तेराव्याच्या दिवशी राजारामकाका मुलुंडला आले. स्मशानात ते आले होते, पण तिथे केयूरच्या गाडीपाशीच उभे राहिले होते. भावाच्या घरी मात्र तेहेतीस वर्षांनी. चौपन्न पायऱ्या, प्रत्येक वळणावर विश्रांती, मागे केयूर. वर आल्यावर ते दारातच थांबले आणि भिंतीवरच्या नव्या फोटोकडे बघत त्यांनी चपला काढायला बराच वेळ लावला.

जेवणे झाली, माणसे पांगली. काकांनी पिशवीतून एक लांबट वही काढली. पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची, कोपरे झिजलेले.

“क्षमा, बस इथे. केयूर, तू पण. ग्रंथ आता छापायचा. विद्याधर असता तर अजून तीसेक वर्षं लावली असती. आणि ते भोक...” काकांनी फोटोकडे पाहिले. “जाऊ दे. ‘करावयास’ छाप. तो म्हणत होता ना, करावयास. होऊ दे त्याच्या मनासारखं.”

केयूर वडिलांकडे बघत राहिला. “बाबा, तुमची तब्येत बरी आहे ना?”

“गप रे. आणि शेवटी परिशिष्ट घालायचं आहे. ‘बंधुस्नेह’.” त्यांनी वही उघडली. “चोवीस वर्षांत विद्याधरने मला जे जे निरोप पाठवले, ते तारीखवार मी लिहून ठेवलेत. बाराशे सहा आहेत. ऐक. ‘डोळे तपासून घ्या, हयगय करू नका.’ हे ऐक. ‘थंडी आहे, कानाला गुंडाळा.’ हे बघ, ‘पावसाळ्यात पाय जपून टाका.’ बाहेरून दगड होता गं तुझा बाप. आतून कसा होता ते ह्या वहीत आहे. लोकांना कळू दे विद्याधर कोण होता!”

लोक म्हणजे तीनशे प्रती. पण क्षमाने बरेच वाचलेले होते, आणि छापलेले काय करते हे तिला माहीत होते. बोललेले विसरले जाते. छापलेले खरे होते. तीनशे प्रती निघाल्या की मुलुंडचा तो कडवट, तल्लख, भिंगवाला माणूस कायमचा नाहीसा होणार होता, आणि त्याच्या जागी भावाला ‘कानाला गुंडाळा’ असे सांगणारे एक मऊ गृहस्थ येणार होते. ते गृहस्थ तिने घाटकोपर ते अंधेरी ऑफिसला जाताना, आधी बसमध्ये आणि पुढे मेट्रोत बसून तयार केले होते. बाबा तेरा दिवसांपूर्वी एकदा गेले होते. आता काका त्यांना दुसऱ्यांदा न्यायला आले होते, आणि खांदा तिने आधीच देऊन ठेवला होता.

दुसऱ्या बाजूला काका होते. सत्त्याहत्तर वर्षांचे, चौपन्न पायऱ्या चढून आलेले, मांडीवर वही घेऊन बसलेले.

“काका, हे छापू नका.”

“का? खाजगी आहे म्हणून?”

“बाबांचं नाही म्हणून. माझं आहे.”

“तुझं काय?”

“हे सगळं. बाबा बोलायचे ते वेगळं आणि मी तुम्हाला सांगायचे ते वेगळं. बाराशेच्या बाराशे.”

“आणि सहा,” केयूर म्हणाला, आणि मग हळूच, “वाट लागली.”

काकांनी पाने उलटली, बोटाला थुंकी लावून, एकेक करून, आणि एका ठिकाणी थांबले. “दोन हजार एकोणीस. जुलै. त्याच्या हृदयात ती स्प्रिंग घातली तेव्हा. ‘गुडघे दुखत असतील तर जिने चढून येऊ नका.’ हेपण तुझं?”

“हो.”

“मग तो काय म्हणाला होता? शब्दशः सांग.”

क्षमाने विमा कंपनीतल्या आवाजात सुरुवात केली आणि तो आवाज मधेच सुटला. “म्हणाले, त्या खावयासवाल्याच्या गुडघ्यांना तीन जिने झेपणारेत का? म्हणावं, हिंमत असेल तर ये.”

“ये म्हणाला?”

“हिंमत असेल तर.”

“पण ये म्हणाला!”

“हो.”

“बूट घातले होते गं मी,” काका म्हणाले. “दारात उभा होतो, रिक्षा सांगितली होती. तुझा फोन आला. मला वाटलं, आजारी माणूस एवढं प्रेमाने नको म्हणतोय, तर कशाला त्रास द्या. काढले बूट. हे सांगितलं असतंस ना, तर अर्ध्या तासात इथे असतो. आणि जिना चढून दाखवला असता त्याला! दोनदा!”

(पार्ल्याहून मुलुंडला रिक्षाने अर्ध्या तासात कुणी पोचल्याची नोंद नाही. पण ती गोष्ट त्या वेळी कुणी काढली नाही.)

त्यानंतर क्षमाने वीस मिनिटे बोलणी खाल्ली. तू कोण आम्हाला गोड करणारी, इथपासून तुझी आई बरी होती, भांडणं तरी व्हायची, इथपर्यंत. क्षमा सरळ बसून ऐकत होती. या घराण्याच्या राजदूतांचे नेमके काम काय, याचा लेखी पुरावा वाळवीने खाल्ला असला तरी तोंडी पुरावा त्या वीस मिनिटांत संपूर्ण उपलब्ध झाला. केयूरच्या ते लक्षात आले असावे, कारण त्याने तोंडावर हात ठेवला. पण तो काही बोलला नाही. एक पाठ त्याचाही फेटाळला गेला होता.

मग काका दमले. पाणी प्याले. खिशातून पेन्सिल काढली.

“सांग आता.”

“काय?”

“सगळी. पहिल्यापासून. खरी. शिव्यांसकट, आणि मधे काही गाळलंस तर बघ.”

“सगळी कुठून आठवणार, काका?”

पण आठवली. बदललेले वाक्य माणूस विसरतो. ज्याच्यावरून ते बदलले ते विसरत नाही. काका वहीतली तारीख वाचत, क्षमा त्या तारखेचे मूळ वाक्य सांगे, आणि काका जुन्या ओळीवर काट मारून वर पेन्सिलने नवी लिहीत. डोक्याची ओळ आली. खाडीची ओळ आली. “त्या माणसाला मोडी येत नाही, मोडता येतं” अशी एक आली. काका एवढे हसले की केयूरला उठून त्यांची पाठ चोळावी लागली.

“मोडता येतं! हे कधीचं?”

“दोन हजार आठ, गणपतीत.”

“आणि मला काय सांगितलं होतंस?”

“‘बाबा म्हणाले, जुनी कागदपत्रं जपून हाताळा.’”

“अगं बाई गं,” काका म्हणाले, “सोळा वर्षं जपून हाताळतोय.”

अडीच तास हे चालले आणि वही अर्धीही झाली नाही. विद्याधर तेरा दिवसांत पहिल्यांदाच घरी असल्यासारखे वाटत होते. क्षमाच्या तोंडून ते बोलत होते आणि तिला थांबवता येत नव्हते. मधे एकदा तिने काकांच्याही खऱ्या ओळी सांगून टाकल्या, त्या बाबांपर्यंत कशा पोचल्या तेही सांगितले. काकांनी त्या शांतपणे ऐकल्या आणि विचारले, “म्हणजे त्याला माझा एकही निरोप धड मिळाला नाही?”

“नाही.”

“बिचारा. त्याला वाटलं असेल, मी म्हातारा झालो.”

शेवटी काकांनी वहीतली शेवटची ओळ काढली. ‘पित्त कसं आहे?’ मंगळवारची. काकांनी ती वाचली आणि पेन्सिल धरून थांबले. क्षमाने मूळ वाक्य सांगितले, भोकाच्या मापापासून भाडोत्री भावापर्यंत, एका दमात, काही न गाळता. काकांनी ते लिहून घेतले नाही. वही मिटली. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला, आणि ते उठून फोटोसमोर जाऊन उभे राहिले. त्या दोघांमधले अंतर आता भिंग लावून मोजण्याइतकेच उरले होते. त्यांनी फोटोकडे पाहिले. त्यांनी घसा खाकरला. आणि मग सवयीने मान मागे वळवली.

“क्षमा,” ते म्हणाले, “त्याला सांग...”

इथे वाचकाला हसू येण्याचा संभव आहे. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस मेलेल्या भावाला निरोप पाठवतो आहे, तोही मधल्या माणसाकरवी, हे हास्यास्पद आहेच. तथापि केयूरने कुलवृत्तांतासाठी केलेल्या पाहणीनुसार दर शंभर घरांपैकी सत्त्याण्णव घरांत ‘बाबांना सांग’, ‘वहिनीला म्हणावं’, ‘तिला विचार, राग गेला का’ ही वाक्ये गेल्या महिन्याभरात उच्चारली गेलेली आहेत (उरलेल्या तीन घरांत माणसे एकटी राहतात). त्या घरांतला निरोप्या निरोप कसा पोचवतो, हे विचारण्याची पद्धत नाही. तुम्हाला ‘विचारलंय’ असे परवा कुणीतरी कुणाच्या तरी वतीने सांगितले आणि तुम्हाला बरे वाटले. त्याने खरोखर विचारले होते का, याचा शोध तुम्ही घेणार नाही, आणि तेच शहाणपणाचे आहे. हे वाचून झाल्यावर ही कथा एका विशिष्ट व्यक्तीला पाठवावी असे तुमच्या मनात येईल. स्वतः नव्हे. भाचीकरवी. ‘वाच म्हणावं’ एवढेच. भाची लहान नाही, समजूतदार आहे, नाही म्हणणार नाही.

क्षमा चोवीस वर्षांत एकदाही नाही म्हणाली नव्हती. ती उठली. काकांनी वाट बघितली. तिने आधी त्यांच्याकडे आणि मग फोटोकडे पाहिले, आणि ज्या दोघांना तिने हे सांगायला हवे होते त्यांपैकी एकालाच ते आता ऐकू येणार होते, तरी दोघांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

“तुमचं तुम्ही सांगा.”